मापाला उभा माणूस

सोमवार, २ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा. अथेन्सहून बसने आलो, पुढं टॅक्सी केली, आणि टॅक्सीवाल्याने देश कसा चालवावा ते वाटभर मला फुकटात शिकवलं. तरी आज माझा मूड झकास आहे. खिडकीखाली लिंबाचं झाड, पुढं कोरिंथचं आखात, आणि घरमालकीण स्तामाताबाईंनी आल्या आल्या पांढऱ्या घेवड्याचं सूप समोर ठेवलं. बाई आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला पोरा म्हणणाऱ्या. मी अडतीस वर्षांचा आहे हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मग लग्न का नाही झालं पोरा, दात तर सगळे दिसतायत.

काम काय ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कधी वाचताना आपण इथं कशाला तडमडलो होतो ते कळेल. दहा वर्षं मी गेमसाठी गुहा, किल्ले आणि जळती शहरं बनवली. कंपनी बुडाली. आता दगडवाल्यांनी बोलावलंय. विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाचं या कालोवृसी गावात एक केंद्र आहे. केंद्र म्हणजे बेदाण्यांचं जुनं गोदाम, भिंतींना अजून गोडसर वास येतो. गावामागे एक कडा आहे. त्याचे ड्रोनने हजारो फोटो काढायचे, संगणकात एकमेकांना सांधायचे, आणि त्यातून असा कडा उभा करायचा की विद्यार्थ्याने डोळ्यांवर हेडसेट चढवला की तो थेट पायथ्याशी. तिथं त्याने फिरावं, वाकून बघावं, थर मोजावेत, चित्र काढावं, आणि बुटाला चिखल लागू नये.

कडा आज लांबून पाहिला. तपकिरी आहे. गोटे आणि वाळू, वाळू आणि गोटे. हे बघायला लोक विमानाने येतात म्हणे. माणसाला छंद नसला की असं होतं. मी याहून देखणा कडा एका दुपारीत बनवला असता, वर धबधबाही टाकला असता.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

केंद्राचे प्रमुख प्रोफेसर दोमाझोस भेटले. साठीचे, उन्हात रापलेले, कमरेच्या पट्ट्याला हातोडा. गोदामात टेबलाशी बसून बिस्किट खातानाही हातोडा. या आभासी कड्यावर ते युरोपभर भाषणं देत फिरतात, पण हेडसेट त्यांनी स्वतः कधी चढवलेला नाही. एकदाच चढवला होता, मंत्रालयातल्या साहेबासमोर, तेव्हा ओकारी आली असं त्यांनीच सांगितलं, तेही अभिमानाने. खऱ्या मातीतल्या माणसाला असली सोंगं सोसत नाहीत म्हणाले. मग मला कशाला बोलावलं, ते विचारायचं मी टाळलं.

नंतर कड्यापाशी गेलो. तिथं यांचं एक खूळ कळलं. दगडाच्या फोटोत माप लागतं, नाहीतर दिसतंय ते वीतभर आहे की ताडभर हे समजत नाही. बाकीचे लोक शेजारी नाणं ठेवतात, हातोडा ठेवतात. इथं माणूस उभा करतात. माणसाशिवायचा फोटो म्हणजे नुसतं पोस्टकार्ड, असं दोमाझोसांच्या गुरूंचं म्हणणं होतं, आणि गुरू एकदा शिंकले असते तरी यांनी ती शिंक सांभाळून ठेवली असती. उभा राहणार तो नेहमी सगळ्यांत नवा. नवा आला की जुना सुटला, म्हणाले, चाळीस वर्षांपूर्वी मी पण राहिलोय उभा, काही झिजलो नाही.

तेव्हा आज या कलावंताची दाराच्या चौकटीला टेकवून उंची मोजण्यात आली, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हातात उभा धरलेला हातोडा देण्यात आला, आणि ड्रोनची फेरी होईपर्यंत हलू नको असं बजावण्यात आलं. मी अर्थातच हललो. नाक खाजवलं, फोन बघितला, माशी हाकलली. माझी फूटपट्टी करतात म्हणजे काय. दोमाझोस खालून ओरडत होते, आर्गिरिस, तुझ्या अंगात मुंग्यांचं वारूळ आहे का.

एकदोनदा पाय जड झाल्यासारखे वाटले. बूट नवे आहेत.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

फोटोंची पहिली जोडणी झाली. वसंतात घेतलेले जुने फोटो आणि मंगळवारचे नवे, सगळे एकत्र टाकले.

या तंत्राची एक गंमत आहे. वेगवेगळ्या फोटोंत जे जागच्या जागी असतं तेवढंच आत भरीव उभं राहतं. जे हललं ते पुसलं जातं. शेळ्या, मोटारी, लाटा, माणसं, सगळं गायब, फार तर एखादा ओघळ उरतो. मी इतका चुळबुळलो होतो की माझ्या जागी चघळून थुंकलेल्या च्युइंगमसारखं काहीतरी उरलंय. फारसं वाईट वाटलं नाही.

पण त्या ओघळाशेजारी एक माणूस उभा आहे, अख्खा. पिवळं हेल्मेट, उभा हातोडा, शर्टाची बटणं, एका बुटाची सुटलेली नाडी. मागून फिरून पाहिलं तर मानेवरचे केससुद्धा आहेत. वसंतातले फोटो दोन आठवडे चालले होते, सकाळचे आहेत, दुपारचे आहेत, एका दिवशी तर पाऊस आहे. एवढे दिवस एकाच जागी एकाच अंगाने उभा राहिल्याशिवाय माणूस असा उमटत नाही. फोटो एकेक उघडून पाहिले. कशात तो आहे, कशात नाही. म्हणजे जोडणीत यायला नको होता.

दोमाझोसांना विचारलं. माझ्याआधी हे काम करणारा नेक्तारिओस तो. मे महिन्यात त्याला नसांचा काही त्रास झाला, व्होलोसला बहिणीकडे असतो, बोलत नाही, खिडकीशी नुसता उभा असतो. पडद्यासमोर बसणाऱ्यांचं असंच होतं म्हणाले, आणि माझ्याकडे दयेने बघितलं.

माझा तर्क सरळ आहे. नेक्तारिओसने जाता जाता स्वतःचा पुतळा बनवून आत डकवला. आमच्या धंद्यात लोक असले पोरकट चाळे करतात, मीही एका किल्ल्याच्या तळघरात माझ्या साहेबाचं थोबाड कोरलं होतं. पुतळा पुसून टाकला. कडा स्वच्छ झाला.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज मिर्सिनी आली. या आभासी कड्याला युरोपचं अनुदान जिच्या नावावर मिळालं ती हीच. चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, जन्मापासून चाकाच्या खुर्चीत. पात्रासहून विभागाच्या गाडीने आली. मी कपाळावर सहानुभूती आणून पुढं झालो, तर म्हणाली, तोंड सरळ कर, मी मेलेली नाहीये.

मग तिने सगळं सांगितलं, रडगाणं म्हणून नव्हे, शिव्या घालत. तीन वर्षं प्रत्येक सहलीला ती बसमधून कड्यापर्यंत आली, आणि बाकीचे चढून गेले की ड्रायव्हरबरोबर सूर्यफुलाच्या बिया खात सामान राखत बसली. परतल्यावर त्या गाढवांनी काढलेल्या हललेल्या फोटोंवरून तिने अहवाल लिहिले, आणि गाढवांनी तिच्यावरून उतरवले. या कड्याचे थर तिने इतक्यांदा काढलेत की डोळे मिटून काढेल. पाहिला मात्र कधी नाही, पायथ्यापासून. एकोणीस तारखेला ती आत जाणार आहे, ती पहिली. हे सांगताना तिचा आवाज जरा बदलला, आणि तिने लगेच सिगरेट मागितली.

मला ती मिस्तरी म्हणते. दाखव मिस्तरी तुझी भिंत, म्हणून पडद्याशी खुर्ची लावली आणि एका दमात दोन चुका काढल्या. नदीतले चपटे गोटे कौलांसारखे एकावर एक कललेले राहतात, त्यावरून पाणी कुठून आलं ते कळतं. मी एक तुकडा उलटा लावलाय. तुझी नदी समुद्रातून निघून डोंगर चढतेय, म्हणाली, अभिनंदन. दुसरं म्हणजे कडा फार मोठा झालाय. जो गोटा मुठीएवढा असायला हवा तो कलिंगडाएवढा आहे.

मोजून पाहिलं. खरं आहे. पुतळा पुसल्यापासून मापच गेलंय. मी आकडे हाताने भरले. ती जाईपर्यंत कडा पुन्हा वाढला होता. ती म्हणाली, जिवंत आहे वाटतं तुझी भिंत, खत घालतोस का.

इथं येऊन पहिल्यांदा कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं. ही एक सोडली तर सगळे दगड आहेत.

बुधवार, ११ ऑक्टोबर

कडा ऐकत नाही. काल त्यात एक मोजपट्टी उभी केली, आकड्यांसकट. आज उघडलं तर पट्टी काडीएवढी दिसत होती आणि कड्याचा माथा दिसत नव्हता. हेडसेट चढवून आत गेलो. मी स्वतः बनवलेल्या जागांत कधी घाबरलेलो नाही, त्या माझ्या हाताखालच्या असतात. इथं पायथ्याशी पोचायला चालत राहिलो आणि पायथा आला तेव्हा एकेक गोटा घराएवढा होता. बाहेर येऊन बराच वेळ नुसता पाणी पीत बसलो. हसूही आलं. वाळू आणि गोट्यांनी मला घाम फोडला.

दुपारी सगळं पुसून नव्याने जोडणी केली. आता माप चोख आहे, बोटभर फरक नाही. मुठीएवढा गोटा मुठीएवढा.

माणूस परत आलाय. तीच जागा, हेल्मेट, उभा हातोडा. शर्टावर मात्र आता जाकीट आहे. निळं, डाव्या खिशाची चेन तुटलेली. माझं आहे ते. मी त्या दिवशी नाक खाजवत होतो, फोन बघत होतो. हा तसा नाही. हा अगदी सरळ उभा आहे, सांगितल्यासारखा.

तांत्रिक कारण असणार. शोधतो.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आज दोन गोष्टी.

पहिली ही की नेक्तारिओस बरा झाला. बहिणीचा दोमाझोसांना फोन आला. बुधवारी दुपारी खिडकीपासून वळला, खुर्चीत बसला, मध्यम गोड कॉफी मागितली, आणि कॉफी पाणचट आहे म्हणून बहिणीला शिव्या दिल्या. बहीण आनंदाने रडत होती म्हणे. दोमाझोसांनी सगळ्यांना त्सिपुरो पाजली. मीही दोन पेले घेतले. बुधवारी दुपारीच मी नवी जोडणी केली होती, हे पेला हातात असताना आठवलं.

दुसरी. संध्याकाळी स्तामाताबाईंनी मला दंडाला धरून हलवलं. मी अंगणात लिंबाखाली उभा होतो, हातात एक लिंबू. माझ्या समजुतीप्रमाणे मी नुकताच ते तोडायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, पोरा, मी धुणं वाळत घातलं, चर्चमधे जाऊन मेणबत्ती लावली, शेजारच्या कासांद्राच्या सुनेची निंदा ऐकून परत आले, तू आपला उभाच. हाक मारली तर ओ नाही, शेवटी तुझ्याच खांद्यावर चादर टाकणार होते. त्यांच्या मते हे थायरॉइड आहे. त्यांच्या जावेला होतं.

गावंढळ बाई, काहीतरी वाढवून सांगते. पण धुणं वाळलेलं होतं. आणि डोळे मला चोळावे लागले, पापण्या मिटल्याच नसाव्यात.

रविवार, १५ ऑक्टोबर

काल दाढी करताना हनुवटीला कापलं.

आज आतल्या माणसाच्या हनुवटीवर तीच चीर आहे. फोटो जुने आहेत. मी नवीन काही टाकलेलं नाही.

नेक्तारिओसचा नंबर मिळवून फोन लावला. मी हसत हसत सुरुवात केली, त्याच्या विनोदाचं कौतुक केलं.  त्याने विचारलं, तू उभा राहिलास का. मी म्हटलं, राहिलो, पण हलत होतो. तो म्हणाला, मग मला पुसलंस तू. मी हो म्हटलं. माफ कर, म्हणाला, पण मी परत येणार नाही. आत काय होतं ते विचारलं तर म्हणाला, काही नाही रे, तेच तर, काहीच होत नाही. तिथं तू मापाला असतोस. तुझ्यावरून तो कडा स्वतःला मोजत राहतो.

शेवटी त्याने विचारलं, तुझ्यानंतर कोण येणार आहे. मी सांगितलं नाही. त्याने फोन ठेवला.

वेडा आहे. पाच महिने खिडकीशी उभा असलेला माणूस, त्याच्या तोंडचं कशाला मनावर घ्यायचं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सकाळी जिन्यात अडकलो. एक पाय वरच्या पायरीवर. स्तामाताबाईंनी सोडवलं. त्या आता हसत नाहीत.

दोमाझोसांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी बिस्किट संपवलं आणि म्हणाले, पडद्याच्या माणसांना नसा असतात, आम्हाला हाडं असतात. गुरुवारचा कार्यक्रम रद्द करा म्हटलं. गुरुवारी ते स्वतः नाहीत, मंत्रालयात भाषण आहे, याच कड्यावर. निदान तुम्ही हेडसेट घाला, तुम्हाला कळेल, म्हटलं. हसले. ओकारी येते, म्हणाले. मला त्यांच्या हातोड्याने त्यांचं डोकं—

मान डावीकडे वळत नाही. पूर्ण वळावं लागतं.

एक गोष्ट लिहूनच टाकतो. गुरुवारी मिर्सिनी आत जाईल. ती सगळ्यांत नवी. नवा आला की—

नाही.

बुधवार, १८ ऑक्टोबर

मिर्सिनीला फोन केला. येऊ नको म्हटलं. कडा बरोबर नाही, माणसाला धरतो, मला धरलंय.

ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, मिस्तरी, मला आजवर किती जणांनी सांगितलंय माहीत आहे का, तुझ्याच भल्यासाठी बसमधे बस. रस्ता वाईट आहे, ऊन आहे, दगड पडतात. तू नवीन कारण काढलंस, कडा धरतो. शाबास. निदान त्यांच्यापेक्षा कल्पक आहेस.

मी आणखी सांगायला हवं होतं. गाडी फोडायला हवी होती, वायरी कापायला हव्या होत्या. मी म्हटलं, बरं, ये. किती पटकन म्हटलं. फोन ठेवल्यावर हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं मी ओळखलं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर, दुपार

ती आली. केस नीट बांधून, नवे बूट घालून. जमिनीला कधी न लागणारे बूट.

मी सांगितलं, सतत बोलत राहा, हात हलवत राहा. ती म्हणाली, फुटबॉलची कॉमेंट्री करते, चालेल ना. हेडसेट चढवला. मी पडद्यावर बघत होतो. ती खरंच बोलत होती. हा खालचा चिखल, तळ्यातला. हे वाळूचे पट्टे. हा बघ नदीने आणलेला गाळ, आई गं, किती मोठा. हसत होती. बसमधली बॅग राखणारी आली रे, म्हणाली, सरका सगळे. हात पुढं करून हवेत गोट्यांवरून फिरवत होती.

मग एका थरापाशी आली. वाळू संपते आणि गोटे सुरू होतात तिथं. म्हणाली, थांब. गप्प बस जरा. बघू दे.

आणि बघत राहिली. नीट बघणारा माणूस स्थिर होतो. मी कधी कशाकडे नीट बघितलेलं नाही, म्हणून मला हे सुचलं नव्हतं.

तिचा हात हवेत राहिला. त्याच क्षणी माझी मान सुटली. डावीकडे वळली. गुडघे सैल झाले. किती दिवसांनी. मी हात ताणले, बोटं मोडली. इतकं बरं वाटलं की—

हे लिहितो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. मी लगेच तिचा हेडसेट काढला नाही. थोडा वेळ तसाच उभा राहून मान वळवत होतो.

काढला तेव्हा तिचे डोळे उघडे होते.

गुरुवार, संध्याकाळ

रुग्णवाहिका पात्रासला गेली. झटका आहे म्हणाले. श्वास आहे, नाडी आहे. हात अजून पुढं केलेला, खाली येत नाही. तिच्या आईने मला विचारलं, ती खूश होती का आत. हो म्हटलं.

मी समुद्रापर्यंत पळत गेलो. पाय कसे पळत होते. टपरीवर उभ्या उभ्या चीज भरलेल्या दोन तिरोपिता खाल्ल्या. भूक लागली होती मला.

इतके दिवस मी या गावात कुणाकुणाला नावं ठेवली. दोमाझोस मूर्ख आहे, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

आतला माणूस आता खुर्चीत बसलाय. हात पुढं केलेला. नवे बूट.

सगळा कडा पुसून टाकावा असं मनात आलं. बोट कळीवर होतं. पण ती आत असताना पुसला तर ती कुठं जाईल. आणि कडा माप मागत वाढत गेला तर— नेक्तारिओसही नुसतं पुसल्याने सुटला नाही, त्याच्या जागी मी उभा राहिलो तेव्हा सुटला.

दोमाझोसांचा फोन बंद. भाषण चांगलं झालं असणार.

स्तामाताबाई केंद्रात डबा घेऊन आल्या. पोरा, आज हलतोयस की, म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर किती आनंद. मला रडू आलं. त्यांना घरी पाठवलं, दार आतून लावलं.

मी पुन्हा गेलो की सगळ्यांत नवा मी. तेवढं पुरेल का माहीत नाही. या वेळी हलायचं नाही. नाक खाजवायचं नाही. कड्याकडे नीट बघायचं, एकदा तरी.

चढवतो.

शुक्रवार

बाहेर आलोय. हेडसेट काढता आला. खुर्ची दिसली होती, मग दिसेनाशी झाली. तिथं मी.

तो थर खरंच सुंदर आहे. वाळू संपते, आणि—

पाय गेले. लिहिणारा हात चालतोय. हळू.

फोन टेबलावर, हात पोचत नाही. वाजला. मिर्सिनीचं नाव. आईचं नाही, तिचं. वाजून थांबला.

जागी झाली. झाली जागी.

निरोप आलाय, पडद्यावर दिसतोय. मिस्तरी, कळलं मला तू काय केलंस. गाढव आहेस. तिथंच थांब, मी येतेय तुला काढायला.

नको

मिर्सिनी, दार उघडून घेतलंस तर आधी हे वाच. हेडसेटला हात लावू नकोस. मला काढायला आत